सिबिल 'मायनस वन' आलंय, सुरुवात कुठून करायची?

चाकणची_सेकंड_शिफ्ट

नमस्कार मंडळी. वय २४, मेकॅनिकल डिप्लोमा, चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. पीएफ वगैरे कापून हातात २३,४०० येतात. गाव संगमनेर तालुक्यात, इथे मोशीला तिघांत एक खोली.

सेकंड शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते. कंपनीची बस हायवेला सोडते, तिथून खोली तीन किलोमीटर. रिक्षावाला त्या वेळी सत्तर-ऐंशी मागतो, नाहीतर कुत्री चुकवत चालत जायचं. म्हणून गाडी घ्यायची ठरवली. ऑनरोड ९४ हजार. २० हजार जमवून शोरूमला गेलो. फायनान्सच्या टेबलावरच्या मुलाने पॅन नंबर टाकला, ओटीपी विचारला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "सर, सिबिल मायनस वन दाखवतंय. गॅरंटर आणा." सिबिल म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीचा स्कोअर, एवढंच मी ऐकून होतो.

दुसऱ्या दिवशी पगार जमा होतो त्या बँकेत गेलो. मॅडम चांगल्या होत्या, पण उत्तर तेच. "तुमची हिस्ट्रीच नाही."

आता मला सांगा, मी आजवर कोणाचा रुपया बुडवला नाही. आमच्या वडिलांनी गावच्या पतसंस्थेतून दोन वेळा गायींसाठी कर्ज काढलं, दोन्ही वेळेला दुधाच्या पगारातून हप्ते गेले, एक चुकला नाही. आई बचत गटात आहे. गावात किराणावाला आमच्या वहीवर वर्षानुवर्षं लिहितोय. त्या घरातला मी, आणि माझा आकडा वजा! शून्य असता तरी समजून घेतलं असतं.

आता सगळे सल्ला देतायत. रूममेट म्हणतो मोबाईल हप्त्यावर घे, आपोआप स्कोअर बनतो. कंपनीतला एक जण म्हणतो 'आत्ता घ्या नंतर भरा'वालं अ‍ॅप टाक. आणि शोरूमबाहेर एकाने कार्ड हातात दिलं, साडेतीन हजारात सिबिल 'करून देतो' म्हणाला. यातलं काय खरं? सुरुवात करायची तर कुठून?

रोखठोक

मिळत नाहीये ना कर्ज? मग देवाचे आभार मान. वीस हजार जमवलेस, अजून वर्षभर दम काढ, रोख दे आणि गाडी घे. आमच्या पिढीने सायकलसुद्धा रोखीने घेतली. बँकांना तुला कर्जाची सवय लावायची आहे, आणि तू स्वतःहून विचारतोयस सवय कशी लावून घेऊ म्हणून.

चाकणची_सेकंड_शिफ्ट

काका, वर्षभर रात्रीचे रिक्षाचे सत्तर रुपये तुम्ही पाठवणार का? 🙂 गंमत केली. पण उद्या घर घ्यायचं झालं तर तेही रोखीत घेऊ का?

निवृत्त_कर्जविभाग

नागरी सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली १९ कर्ज विभागात. माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

आधी ते वजा एक डोक्यातून काढ. तो ऋण आकडा नाही, खूण आहे. तुझ्या पॅनवर आजवर कर्ज किंवा क्रेडिट कार्ड नाही, त्यामुळे मोजायला काही सापडलं नाही, एवढाच अर्थ. काही अहवालांत त्याच जागी 'एनएच', म्हणजे 'नो हिस्ट्री', असं लिहून येतं. खरा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. कोरी वही आणि नापासाची वही यात फरक आहे, फक्त शोरूममधल्या पोराला तो समजावून सांगायला वेळ नसतो.

दुसरं, 'सिबिल' हे एका कंपनीचं नाव. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो तसं झालंय ते. अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींकडे बँका आणि फायनान्स कंपन्या माहिती पाठवतात. कायदा २००५ चा आहे.

त्याआधी आम्ही काय करायचो ते सांगतो, तुझ्या वडिलांना पटेल. अर्जदाराच्या गावचा संचालक मीटिंगला असायचा. त्याला विचारायचं, माणूस कसा आहे? "सरळ आहे, बाप पण सरळ होता," म्हणाला की कर्ज मंजूर. मी स्वतः एकदा एका अर्जदाराच्या किराणावाल्याकडे जाऊन वही बघून आलोय. त्या पद्धतीत तुझ्यासारख्याला कर्ज चुटकीसरशी मिळालं असतं. पण त्याच पद्धतीत संचालकाच्या मेव्हण्यालाही मिळायचं, आणि त्याच्या वसुलीला मला उन्हातान्हात हिंडावं लागायचं. त्यामुळे जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही.

आता वडिलांच्या कर्जाचं. एक तर ते त्यांच्या नावावर, तुझ्या नाही. स्कोअर वारशाने येत नाही. दुसरं म्हणजे पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली नसते. तिथली फेड बऱ्याचदा या चार कंपन्यांपर्यंत पोचतच नाही. भिशीचं आणि किराण्याच्या वहीचं तर विचारूच नकोस. सहकारी बँकेचं तसं नाही, आम्ही माहिती पाठवायचो. म्हणजे तुमच्या घराची पत आहे, खणखणीत आहे, पण ती जिथे लिहिली गेली ती वही मोशीच्या शोरूमला दिसत नाही.

सुरुवात कुठून? माझं मत विचारशील तर एफडीवरचं क्रेडिट कार्ड. ते वीस हजार आहेत ना, त्यातले पंधरा मुदत ठेवीत टाक. बँक त्यावर लिन लावते, म्हणजे कार्ड चालू असेपर्यंत ठेव मोडता येत नाही, आणि ठेवीच्या पाऊण पटीपासून जवळपास पूर्ण रकमेपर्यंत लिमिटचं कार्ड देते. काउंटरवर नेमकी किती टक्के ते विचार, आणि वार्षिक फी नसलेलं माग. ठेवीवर व्याज चालूच राहतं. बँकेला धोका नाही, म्हणून ती हिस्ट्री मागत बसत नाही. पण नोंद होते ती इतर क्रेडिट कार्डासारखीच. तुझ्या कामाचं तेवढंच आहे.

कार्ड आलं की त्यावर दोनच गोष्टी टाक. मोबाईलचा रिचार्ज आणि मेसचं बिल, म्हणजे जे तू तसंही भरतोसच. रुपे कार्ड असेल तर यूपीआयला जोडता येतं, दुकानदाराचा क्यूआर चालतो. मग ते बिल संपूर्ण भर. संपूर्ण हा शब्द मी मुद्दाम लिहितोय. बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय. किमान आकडा हा गळ आहे. समज दहा हजार मागे राहिले आणि व्याज महिना साडेतीन टक्के. ३५० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३, झाले ४१३. एका महिन्याचे. वर्षाचा दर बेचाळीस टक्के, आमच्या तालुक्यातला खासगी सावकार याहून फार पुढे नव्हता. वर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, घेतल्या दिवसापासून मीटर सुरू. कार्डाने एटीएममधून पैसे काढलेस तरी तसंच, पहिल्या दिवसापासून व्याज आणि वेगळी फी.

पगाराच्या खात्यातून 'एकूण देय' आपोआप वळतं होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेव. फॉर्मवर किमानच्या चौकोनात टिक नाही ना, हे स्वतः बघ. मी तीन ग्राहकांचे असे फॉर्म पाहिलेत, तिघांनाही माहीत नव्हतं. तारीख चुकलीच तर देय दिनांकानंतर तीन दिवसांपर्यंत दंड लावता येत नाही आणि थकबाकी म्हणून कळवताही येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण त्या तीन दिवसांवर संसार करू नकोस.

लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत वापर असावा म्हणतात. तो ठोकताळा आहे, दगडावरची रेघ नाही. तुझं लिमिट बारा हजार असेल तर तीन-साडेतीन हजार. त्याहून जास्त झालं तर बिल निघायच्या आधीच थोडे भरून टाकायचे. २०२५ च्या जानेवारीपासून बँकांना किमान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे चांगलंही लवकर दिसतं आणि वाईटही. साधारण सहा महिन्यांत तुझा आकडा दिसायला लागेल.

या सहा महिन्यांत आणखी चार ठिकाणी अर्ज करत सुटू नकोस. प्रत्येक अर्जाची चौकशी म्हणून नोंद होते, आणि रांगेने चौकश्या दिसल्या की आमच्यासारखा माणूस विचारतो, याला एवढी घाई कशाची? स्वतःचा अहवाल स्वतः पाहिलास तर काही बिघडत नाही. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळायची सोय २०१७ पासून आहे. चार कंपन्या म्हणजे चार फुकट अहवाल. दर तीन महिन्यांनी एक पाहत जा. लोक इतर वेबसाइटवर नंबर देऊन 'फ्री स्कोअर' बघतात आणि मग दिवसाला सहा कर्जवाल्यांचे फोन घेतात.

मोबाईल हप्त्यावर घेतला तरी नोंद होते, रूममेट खोटं बोलत नाहीये. पण तुझा मोबाईल चालतोय ना? स्कोअरसाठी मोबाईल म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. अ‍ॅपचं मात्र नकोच, माझ्या अनुभवात त्याने घडलेले स्कोअर थोडे आणि मोडलेले फार.

साडेतीन हजारवाल्याचं कार्ड फाडून टाक. खरी नोंद कोणी पुसू शकत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत, आपण स्वतः तक्रार टाकायची. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये तुला द्यायचे, असा नियमच आहे. शिवाय तुझ्याकडे दुरुस्त करायला आहे काय? कोरी वही धुऊन कोण देणार?

आणखी एक. केवळ हिस्ट्री नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, आणि रिझर्व्ह बँकेने किमान स्कोअर असा कुठला ठरवलेला नाही, हे अर्थ मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेत सांगितलंय. नकाराचं मुख्य कारण लेखी द्यायला हवं, हे तर फार जुनं. त्यामुळे त्या मॅडमना पुन्हा जाऊन नम्रपणे म्हण, मला कारण लिहून द्या. मंजूर होईलच असं नाही. पण लिहून द्यायची वेळ आली की फाइल एकदा तरी उघडली जाते.

आणि रूममेटच्या कर्जाला जामीन राहू नकोस. ते तुझ्याही अहवालात दिसतं. हे कोणीच सांगत नाही.

संत्रानगरी

वरच्या काकांनी अ‍ॅपबद्दल एका ओळीत संपवलं, मी जरा पूर्ण सांगते, कारण माझी स्वतःची वाट लागली आहे त्यात.

मी नागपूरची, नर्स आहे. २०२१ मध्ये नाइट ड्यूटीला जेवण मागवायची. पैसे भरताना बटण यायचं, आता नको, पंधरा दिवसांनी द्या. दाबलं. मला वाटलं हे दुकानदाराची उधारी असते तसंच काहीतरी असेल. ते माझ्या नावावरचं कर्ज आहे आणि मागे एक फायनान्स कंपनी आहे, हे बारीक अक्षरात कुठेतरी लिहिलं असेल, मी रात्री दोन वाजता भुकेली होती, वाचणार कोण?

नंतर हॉस्पिटल बदललं, नंबर बदलला. ४१२ रुपये राहून गेले. मी तर विसरूनच गेली होती.

२०२४ मध्ये आम्ही दोघांच्या नावाने घराचं कर्ज मागितलं. यांचा स्कोअर ७८० च्या वर, माझा ६११. बँकेतल्या सरांनी अहवाल माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवलं. त्यात महिन्या-महिन्याचे चौकोन असतात, प्रत्येकात किती दिवस थकलं तो आकडा. वेळेवर भरलं असेल तर तीन शून्यं. माझे चौकोन ३०, ६०, ९०, मग पुढे नुसते वाढत गेलेले. ४१२ चे दंडासकट १,८७० झाले होते. अठराशे रुपयांपायी बावीस लाखांचं कर्ज अडलं, सासूबाई समोर बसलेल्या, काय बोलणार?

भरायला गेली तर फोनवरची मुलगी म्हणते, मॅडम, हजार भरा, सेटलमेंट करून टाकू. मला वाटलं वा, आठशे वाचले. बँकेतल्या सरांनीच हात धरला. म्हणाले, 'सेटल्ड' लिहून आलं तर पुढचा बँकवाला वाचतो की हिने पूर्ण दिले नाहीत. पूर्ण भरा, 'क्लोज्ड' लिहून घ्या, आणि नो ड्यूजचं पत्र मागा. तसं केलं. पत्र यायला पाच आठवडे लागले. जुने चौकोन काही पुसले गेले नाहीत, पण खातं बंद दिसलं. त्यानंतर वर्षभर एक कार्ड नीट चालवलं तेव्हा कुठे ७०० पार झाली. कर्ज शेवटी यांच्या एकट्याच्या नावावर झालं, लहान रकमेचं, आणि एक खोली कमी असलेला फ्लॅट घेतला.

तर दादा, मोबाईल नंबर बदलला की बँकेत आणि असेल नसेल त्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये बदला.

रोखठोक

घ्या. मी काय म्हणत होतो?

संत्रानगरी

काका, तुम्ही म्हणता तसं रोखीने फ्लॅट घेणारी नर्स नागपुरात दिसली तर मला कळवा, मी पेढे घेऊन येते.

चाकणची_सेकंड_शिफ्ट

सगळ्यांचे आभार. काकांचं उत्तर प्रिंट काढून खोलीत लावलंय, रूममेट ते जामीनवालं वाचून गप्प झाला (विचारणारच होता बहुतेक).

दोन शंका. पंधरा हजार एफडीत गेले तर डाऊन पेमेंट पुन्हा शून्यापासून. आणि सहा महिन्यांनी स्कोअर आला की कार्ड बंद करून एफडी मोडायची का?

निवृत्त_कर्जविभाग

एफडीतले पैसे कुठे जात नाहीत, व्याजासकट तुझेच आहेत. दरम्यान महिना चार हजार आवर्ती ठेवीत टाकत जा. आवर्ती ठेवीने स्कोअर बनत नाही, पण त्याच शाखेत खातं दिसलं की मॅडमना तुझा चेहरा लक्षात राहील. अजून तरी शाखेत माणसंच बसतात.

कार्ड बंद करू नकोस. सगळ्यात जुनं खातं हीच तुझी हिस्ट्री. बंद केलंस तर पुन्हा पाटी कोरी करण्याकडे निघालास. फी नसलेलं माग म्हटलं ते त्यासाठीच.

चाकणची_सेकंड_शिफ्ट

धागा वर काढतोय, आठ महिने झाले.

कार्ड काढलं, १५ हजारांची एफडी, लिमिट साडेतेरा. आठही बिलं पूर्ण भरली. तिसऱ्या महिन्यात पगार दोन दिवस उशिरा झाला आणि आपोआप वळतं होणारं परत गेलं. मेसेज आला तेव्हा लाइनवर होतो, मोबाईल लॉकरमध्ये. रात्री बसमध्ये बघितला आणि घाम फुटला. रूममेटकडून २,१०० घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी भरले. तीन दिवसांच्या आत होतो, अहवालात तीन शून्यंच आहेत. मात्र खात्यात शिल्लक नव्हती म्हणून माझ्या बँकेने वेगळा चार्ज कापला, तो गेलाच. आता बिलाची तारीख पगारानंतर आठ दिवसांवर सरकवून घेतली आहे. फोन करून मागितली की बदलून मिळते, हे मला माहीतच नव्हतं.

कारण लेखी मागायलाही गेलो होतो. मॅडम म्हणाल्या, "एवढं कशाला, सहा महिन्यांनी या, मी स्वतः टाकते अर्ज." लिहून काही दिलं नाही, पण शब्द पाळला. गेल्या महिन्यात स्कोअर ७४२. ३४ हजार डाऊन पेमेंट केलं, ६० हजारांचं कर्ज ११ टक्क्यांनी, २४ हप्ते, महिना २,७९७. गाडी परवा मिळाली. काल रात्री पावणेबाराला खोलीवर.

गाडी घेऊन रविवारी गावाला गेलो तेव्हा वडिलांना सगळं समजावून सांगितलं, एफडी, लिन, कार्ड, बिल. ते गायीचं दूध काढत होते. पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे आपलेच पैसे त्यांच्याकडे ठेवायचे, त्यातलेच त्यांनी आपल्याला उधार द्यायचे, आणि आपण ते वेळेवर फेडले म्हणून त्यांनी आपल्याला इमानदार म्हणायचं?"

काका, काय उत्तर देऊ?

निवृत्त_कर्जविभाग

३१ वर्षांत कुठल्या मॅनेजरने मला इतक्या थोडक्यात सांगितलं नाही. त्यांना माझा नमस्कार सांग. आणि गाडीचा हप्ता कुठल्या तारखेला जातो ते बघ, कार्डाच्या बिलाशी गाठ पडू देऊ नकोस.